पल्याड कशाच्या?

यंदा गॅदरिंगला मुलांनी तेच गाणं मागितलं
जे गणपतीपासून नव्या पेठेत
पिठाच्या गिरणीपासून सलूनपर्यंत वाजतंय.
मुलांना ते ऐकू येत नाही,
पण स्पीकरच्या खोक्यावर तळवे ठेवून
त्यांनी पाठ केलंय. निदान ठेका तरी.

शब्द हातांवर आणायचं काम माझं.
बावीस वर्षं करतेय. राष्ट्रगीत, निरोपसमारंभ,
एकदा तर वीजमंडळाच्या साहेबांचं अख्खं भाषण.
इथे मात्र धृवपदालाच अडले:

*पल्याड कुणी ठेवला दिवा,
माझ्यासाठी नसेलही*

तोंडाला 'पल्याड' म्हणून सुटता येतं.
हाताला बोट दाखवावं लागतं.
कुठे?

नदीच्या, मॅडम, दुसरं काय, म्हणाले रिक्षावाले सपकाळ.
भिडे पूल पाण्याखाली गेला की
घर समोर दिसतं आणि लकडी पुलावरून वळसा पडतो.
लिहिणारा तसाच अडकला असणार. मीटर चालू ठेवून.

ऑफिसातले इनामदार चष्मा पुसत म्हणाले, मृत्यू.
'लावला' नाही म्हटलेलं, नीट बघा. 'ठेवला'.
दहा दिवस ठेवतात, तो.
आणि मस्टर माझ्याकडे सरकवलं.

सलूनमधल्या पोराला आवाज कमी कर सांगायला गेले होते,
तो आरशातूनच म्हणाला,
समोरच्या बिल्डिंगमधली असणार, काकू.

नवऱ्याने पेपर खाली न करता निकाल दिला:
पुढच्या ओळीत 'हवा' आहे ना? मग इथे 'दिवा'.
अर्थबिर्थ काही नसतो.

मी कुणालाच सांगितलं नाही
की चौऱ्याण्णव साली कर्वे रोडच्या होस्टेलसमोर
एका खिडकीत रात्री दोनपर्यंत टेबललॅम्प असायचा.
तो सी.ए. करत होता की झोप लागत नव्हती,
विचारलं नाही.
त्या 'नसेलही'मधला 'ही'
मला तेव्हापासून ओळखीचा आहे.

रुबीना तांबोळी, सहावी ब, मधोमध उभी राहणार.
कळल्याशिवाय हात हलवत नाही ही मुलगी.
दिवा म्हणजे बल्ब की वात? तिने विचारलं.
खूण वेगळी आहे.
वात असेल तर रोज कुणीतरी तेल घालायला जात असणार.
मी म्हटलं, वात कर.
आणि नसेलही म्हणजे? नाही, की हो?
दोन्ही.
तिने हाताने 'नाही' केलं
आणि भुवया तशाच वर ठेवल्या.
हातांच्या भाषेत शंका चेहऱ्यावरच राहते,
हे मीच कधीतरी तिला शिकवलेलं.

उरलं 'पल्याड'.
त्याचं मी बघते, असं ती म्हणाली.
म्हणजे छातीवर बोट ठेवलं, मग डोळ्याला लावलं.

गॅदरिंगच्या संध्याकाळी
तिने बोट दाखवलं सरळ, सगळ्यांच्या डोक्यांवरून,
हॉलच्या मागच्या दाराकडे.
आणि अख्खा हॉल वळला.
आया, बाप, पाहुणे, कडेवरची पोरं,
ऐकू येणारे, न येणारे.

दारात वॉचमन खिलारे उभे होते,
तोंडात टॉर्च, हातात फ्यूजची तार.
तीनशे माणसं आपल्याकडे का बघतायत
ते त्यांना कळेना. टॉर्च तसाच राहिला.

पुढची ओळ रुबीनाने केलीच नाही.
ढोलकी एकटीच वाजून गेली.

नंतर विंगेत विचारलं, का गाळलीस?
तिने खांदे उडवले.
होता ना दिवा.
सगळ्यांनी पाहिला.

खिलारे अजून माफी मागतात. फ्यूज बघत होतो, मॅडम.
इनामदार म्हणतात, ओळ गाळल्याने अर्थाचा घात झाला.
सपकाळ नदीवरच ठाम आहेत.
काल त्यांनी मुद्दाम भिडे पुलावरून रिक्षा घातली.
पूल कोरडा होता.
पलीकडे एक भुट्टेवाला
कोळशाला वारा घालत होता.